पत्ता बदललेली गाणी

गणपतीच्या आधी घर आवरायचे, हा आमच्या आईचा जुना नियम. सांगलीला असताना ती माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढून चिंचेने घासायची. इथे मिशिगनमध्ये माळा नाही आणि पितळही फारसे नाही, त्यामुळे आवरायला उरते ते बेसमेंट. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. गणपती लांबले आणि आवरायला महिनाभर जास्त मिळाला. त्या वाढीव महिन्यात मी एक राहिलेले काम काढले. गाण्यांची जुनी हार्ड डिस्क बदलायची होती.

ती डिस्क काही दिवसांपासून मधूनच टक् टक् असा आवाज करत होती. ज्यांनी एकदा तरी डिस्क गमावली आहे त्यांना त्या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. मी नवी ड्राइव्ह आणली. जुन्यावरची चार हजारांवर गाणी रात्रभर नव्यावर उतरवली. सकाळी चहाचा कप घेऊन बसलो आणि सवयीने ‘सकाळ’ नावाच्या प्लेलिस्टवर टिचकी मारली. काहीच वाजले नाही. यादीतली सगळी नावे राखाडी झालेली आणि प्रत्येकापुढे एक उद्गारचिन्ह. फोल्डर उघडून तेच गाणे थेट लावले, तर खणखणीत वाजले. म्हणजे गाणी होती. फक्त यादीला ती सापडत नव्हती.

वाचकहो, तुमच्यापैकी कॉम्प्युटरवाले लोक आता हसत असतील. पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतातच. तिच्यात असतात गाण्यांचे पत्ते. एम-थ्री-यू नावाची ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघता येते. एका ओळीत एक पत्ता: अमुक ड्राइव्ह, तिच्यात तमुक फोल्डर, त्यात ही फाइल. बऱ्याचदा त्याच्या वरच्या ओळीत गाण्याचे नाव आणि ते किती सेकंदांचे आहे तो आकडाही असतो. लग्नाच्या पत्रिका पाठवायला आपण नातेवाइकांच्या पत्त्यांची वही ठेवायचो ना, तसेच. आत्याने बिऱ्हाड बदलले आणि वहीत जुनाच पत्ता राहिला, तर पोस्टमन पत्रिका परत आणून देतो. आत्या ठणठणीत असते. पत्ता चुकलेला असतो.

माझ्या जुन्या डिस्कला विंडोजने ‘एफ’ हे अक्षर दिले होते, नवीला ‘जी’ दिले. एवढ्या एका अक्षराने अडतीस याद्या मुक्या झाल्या.

या याद्या माझ्या असत्या, तर मी दुसऱ्या केल्या असत्या. त्या दादांच्या होत्या. दादा म्हणजे माझे वडील.

दादा जिल्हा परिषदेत कारकून होते. मामा मस्कतला असायचा. त्याने १९७९ साली एक टू-इन-वन आणून दिला, आणि तेव्हापासून दादांचा फावला वेळ रेडिओवरून गाणी टेप करण्यात जायचा. २००८ च्या उन्हाळ्यात ते दोघे सहा महिन्यांसाठी इथे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत बासष्ट कॅसेट होत्या. लोणच्याच्या बरण्या मागे ठेवाव्या लागल्या म्हणून आई विमानात बारा तास बोलली नव्हती म्हणे. बेसमेंटमध्ये आम्ही टेप डेकपासून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर जोडली आणि कॅसेटी उतरवायला लागलो. या कामात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतात. मी ऑफिसला जायचो, दादा खुर्चीत बसून बाजू उलटत राहायचे. मग ते स्वतःच प्लेलिस्ट करायला शिकले. नावे रोमन लिपीत, स्पेलिंग सर्वस्वी त्यांचे. ‘सकाळ’, ‘गुरुवार’, ‘पाऊस आपल्याकडचा’, ‘बर्फ’, ‘गीतरामायण क्रमाने’. आणि एक चौदा गाण्यांची यादी, जिचे नाव नुसते ‘हिचे’.

२०११ साली ते पुन्हा आले आणि आणखी याद्या केल्या. जाताना कॅसेटी परत घेऊन गेले. २०१५ च्या जानेवारीत ते गेले. पुढच्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली. सांगलीचे घर बंद होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला जो महापूर आला त्यात आमचा तळमजला पाण्याखाली गेला, आणि कॅसेटींची ट्रंक तळमजल्यावर होती. तेव्हा मी मनाशी म्हटले होते, बरे झाले, सगळे डिस्कवर उतरवून ठेवले.

तर मी दुरुस्तीला बसलो. नोटपॅडमध्ये यादी उघडली आणि ‘शोधा आणि बदला’ करून सगळीकडे ‘एफ’ चे ‘जी’ केले. निम्म्याहून अधिक गाणी जागी झाली. उरलेली का झाली नाहीत ते शोधताना माझेच प्रताप एकेक करून समोर आले. नवी ड्राइव्ह म्हणजे नवे घर, तेव्हा नीटनेटके लावू, असे म्हणून मी फोल्डरांची नावे बदलली होती. काहींना हौसेने देवनागरी नावे दिली होती. यादी पुन्हा साठवली तेव्हा जुन्या पद्धतीच्या फाइलला देवनागरी पचली नाही. तिने प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवले. त्यासाठी एम-थ्री-यू-एट हा युनिकोडचा प्रकार वापरावा लागतो, हे तेव्हा कळले. प्रोग्राम मला वारंवार विचारत होता, “न सापडलेल्या नोंदी काढून टाकू का?” त्याला मी ‘नाही’ म्हणत राहिलो. त्या सगळ्या खटाटोपात एवढे एकच शहाणपण माझ्याकडे होते.

चौथ्या रात्री आमची लेक खाली आली. मी काय करतोय ते तिने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाली, “बाबा, नव्या ड्राइव्हलाच ‘एफ’ अक्षर द्यायचं ना. सेटिंग आहे ते.” मी तिला झोपायला जा असे सांगितले.

ती म्हणत होती ते बरोबरच होते. नव्या घराच्या दारावर जुनी पाटी लावली की निम्मी पत्रे आपोआप येतात. पण घरातल्या खोल्याच मी बदलल्या होत्या, त्यावर पाटीचा उपाय नव्हता.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी हे सगळे एवढ्या चिकाटीने का करत होतो? गाणी तर शाबूत होती. यादी वाया गेली तर काय बिघडले? गीतरामायणाची यादी दुरुस्त करताना याचे उत्तर मिळाले. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचे संगीत. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक गीत प्रसारित केले. त्या वर्षीही अधिक मास होता, म्हणून बावन्नाची छप्पन गीते झाली. मी फोनवर ती एकदा नावांच्या अक्षरक्रमाने लावली होती. रामाचा जन्म होण्याआधीच युद्ध सुरू झाले. गाणी छप्पनच्या छप्पन होती, पण रामायण नव्हते. क्रम ही गाण्यांच्या बाहेरची गोष्ट आहे आणि तरीही खरी आहे. दादांच्या याद्यांतली गाणी साऱ्या जगाची आहेत, कुठेही मिळतील. ‘बर्फ’ या यादीत चौथ्या गाण्यानंतर पाचवे तेच का, हे मात्र फक्त दादांचे. त्यांचे हस्ताक्षर म्हणून माझ्याकडे आता एवढेच उरले आहे.

शेवटी दोनशे बारा नोंदी राहिल्या, ज्यांच्या फाइलच नव्हत्या. याचाही गुन्हेगार मीच. उतरवायच्या आधी मी एक दुहेरी फाइली शोधणारा प्रोग्राम चालवला होता. नव्या घरात अडगळ कशाला न्यायची? प्रोग्राम गायकाचे आणि गाण्याचे नाव ताडून बघायचा. दोन सारखी दिसली की जिचा दर्जा चांगला ती ठेवायचा, दुसरी पुसायचा. मी ‘होय, सगळ्या’ म्हणून टाकले होते. हरकत नव्हती. गाणे तर आहेच, उलट जास्त स्वच्छ आहे. मी त्या दोनशे बारा ओळींचे पत्ते ठेवलेल्या प्रतींकडे वळवले आणि काम संपले असे जाहीर केले. जुन्या डिस्कवर बँकेचे कागद होते, म्हणून ड्रिलने तिच्यात आरपार भोक पाडले आणि गावाच्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या दिवशी देऊन आलो.

गुरुवारी दिवेलागणीला आईसाठी ‘हिचे’ ही यादी लावली. आई वाती वळत बसली होती. सहा गाणी झाली. सातवा एक अभंग. तो सुरू झाला तशी तिने मान वर केली.

“हे ते नव्हे,” ती म्हणाली.

“आई, तेच आहे. तोच अभंग, गायक तेच. उलट आता खरखर नाही.”

“गाणं तेच असेल. हे ते नव्हे.”

मला वाटले, वय झाले. पण तरी रात्री खाली जाऊन यादी नोटपॅडमध्ये उघडली. मी फक्त पत्त्याची ओळ बदलली होती. वरची, नाव आणि सेकंदांची ओळ दादांच्या वेळचीच होती. तिथे ४३९ लिहिले होते. मी लावलेली स्वच्छ प्रत ३७२ सेकंदांची होती. सदुसष्ट सेकंद कमी.

सकाळी आईला विचारले, त्या टेपमध्ये जास्तीचे काय होते?

“अभंग संपला तरी ह्यांनी टेप बंद केली नाही,” ती म्हणाली. “बाहेर पाऊस होता, तो ऐकू यायचा. मग मी आतून म्हटलं, ‘अहो, बंद करा आता, पोरगं तापानं आत्ता कुठे झोपलंय.’ तुझी आजी खोकली. आणि हे म्हणाले, ‘झालंच.’ मग खटका.”

“एवढंच?”

“एवढंच. ह्यांचा तरुणपणीचा आवाज आणखी कुठे आहे, सांग बरं?”

तापाने झोपलेले ते पोरगे म्हणजे मी. ती कॅसेट आमच्याच बेसमेंटमध्ये, माझ्याच वायरीने उतरली होती. पण मी ती शेवटपर्यंत कधी ऐकली नव्हती. एक कॅसेट पुरात गेली, तिची प्रत माझ्या नीटनेटकेपणात गेली, आणि डिस्कला भोकही मीच पाडले. राग धरायला दुसरे कोणी नाही.

आता प्रश्न उरला त्या सातव्या ओळीचा. तिचे काय करावे? तीन मार्ग होते. ओळ काढून टाकावी आणि यादी तेराची करावी. किंवा स्वच्छ प्रत तशीच राहू द्यावी. किंवा ओळ ठेवावी, पण ती मुकीच राहू द्यावी. प्रश्न एका गाण्याचा वाटतो, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे, जो आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडतो: आपल्या हाती आलेली दुसऱ्याची गोष्ट मोडली, तर दुरुस्त करणाऱ्याचा अधिकार किती?

आमची ही म्हणाली, स्वच्छ प्रतच ठेवा. तिचे म्हणणे कच्चे नव्हते. “यादी ऐकण्यासाठी असते,” ती म्हणाली. “आपल्यात खंडित मूर्ती पूजेत ठेवतात का? तिचं विसर्जन करतात, नवी मूर्ती आणतात, प्राणप्रतिष्ठा करतात. देव तोच राहतो ना? जीर्णोद्धार म्हणतात त्याला.” इथे आपले मंदिर उभे राहताना आपण सगळ्यांनी हेच मानले. मूर्ती नवी, दगड दूरचा, पण देव तोच. मूर्तीच्या बाबतीत हे खरे आहे, कारण भक्त दगडाला नमस्कार करत नाही. दगडात ज्याला बोलावले त्याला करतो. बोलावणे पुन्हा करता येते.

पण आपल्याच परंपरेत दुसराही एक दाखला आहे, आणि त्या रात्री मला तो आठवला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या हातांनी लिहिलेल्या प्रती गावोगाव फिरल्या. कुणी चुकून शब्द बदलला, कुणी जाणूनबुजून आपली ओवी घुसडली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ती शुद्ध केली. नाथ काही नुसते प्रती ताडून पाहणारे लेखनिक नव्हते. स्वतः मोठे कवी होते, पुढे अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेले एकनाथी भागवत त्यांचेच. जिथे ओळ विस्कटली आहे तिथे तोडीस तोड ओवी रचून देणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. उलट पुढच्यांनाही बजावून ठेवले की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालेल, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल. स्वतःचे जे सांगायचे ते त्यांनी ग्रंथ संपल्यावर, शेवटी, वेगळे लिहिले: शक अमुक, संवत्सर अमुक, आणि मी हे काम केले.

म्हणजे मूर्तीला एक न्याय आणि ग्रंथाला दुसरा. मग माझी सातवी ओळ कशात मोडते?

यावर मी बरेच दिवस विचार केला आणि माझ्यापुरते उत्तर असे निघाले. दोनशे बारांपैकी बहुतेक गाणी मूर्तीसारखी होती. दादांना ते गाणे हवे होते. खरखर त्यांनी नाइलाजाने सोसली होती. स्वच्छ प्रत ऐकून ते खूशच झाले असते. तिथे बदल करण्यात काही गैर नाही. सातवी मात्र ग्रंथातली ओळ होती. दादांनी यादीला नाव ‘हिचे’ दिले ते अभंगासाठी नाही. त्या सदुसष्ट सेकंदांत ‘ही’ होती म्हणून. तिथे स्वच्छ अभंग लावणे म्हणजे दादांच्या तोंडी माझे शब्द घालणे झाले असते. करवंटी कितीही घासून चकचकीत केली तरी करवंटीच.

पण खरी अडचण पुढेच आहे. मूर्ती कोणती आणि ग्रंथ कोणता, हे बाहेरून ओळखता येत नाही. प्रोग्रामला दोन्ही सारखेच दिसले, कारण तो नावे बघत होता. खरे सांगायचे तर मलाही सारखेच दिसले, आणि मी तर त्यांचा मुलगा. सांगू शकणारी एकच व्यक्ती होती. ती वरच्या खोलीत वाती वळत होती, आणि तिला विचारावे असे मला सुचले नाही. सुचले असते तर पाच मिनिटांचे काम होते. आवराआवरी करणारा माणूस दुष्ट नसतो, उलट कर्तव्यदक्ष असतो. त्याचा दोष एवढाच की तो ‘दोन सारख्या आहेत’ हे एकट्याने ठरवतो.

हे लिहिताना मला आपल्या इथल्या पूजेचा संकल्प आठवतो. गुरुजी आपल्याला पळीभर पाणी हातात घ्यायला सांगतात आणि देश-काल उच्चारतात. कल्प, मन्वंतर, युग, मग द्वीप, मग वर्ष, मग नदीचा तीर. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. मोठ्या फोल्डरपासून लहान फोल्डरपर्यंत जाणारा हा चक्क पत्ता आहे. सांगलीला आमचे गुरुजी गोदावरीचा दक्षिण तीर म्हणायचे. इथे मिशिगनमध्ये काय म्हणायचे? काही गुरुजी जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीप म्हणतात आणि इथल्या जागेचे नाव घेतात. पत्ता बदलला, पण पुढचा ‘मी अमुक गोत्राचा, हे करतो आहे’ हा भाग तसाच राहिला. ज्या कोणी पूर्वजाने संकल्पात ही जागा बदलण्याची सोय ठेवली, त्याला माणसे बिऱ्हाडे बदलतात हे पक्के ठाऊक असावे.

कॉम्प्युटरमध्येही असे दोन प्रकारचे पत्ते असतात. एक पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होणारा. दुसरा सापेक्ष: ‘मी जिथे आहे तिथून शेजारच्या फोल्डरात’. पहिला ड्राइव्ह बदलली की मोडतो. दुसरा कुठेही नेला तरी चालतो. मी आता दादांच्या सगळ्या याद्या दुसऱ्या प्रकारच्या केल्या आहेत. आपण परदेशी आलेल्या लोकांनीही कळत नकळत हेच केले. कृष्णेच्या घाटावरचे विसर्जन तळ्यावर किंवा टबात आले. पत्रीची एकवीस पाने मिळाली नाहीत, तर जी परसात मिळतील ती वाहिली. ‘घाट’ हा पूर्ण पत्ता होता, ‘घराजवळचे पाणी’ हा सापेक्ष.

पण सापेक्ष पत्त्याची एक अट आहे, जी मी हात पोळल्यावर शिकलो. यादी आणि गाणी एकत्र हलली पाहिजेत. नुसती यादी नेली आणि गाणी मागे राहिली, तर सापेक्ष पत्ताही रिकाम्या खोलीत जाऊन पोचतो. आपण मुलांच्या हाती सणांची यादी अगदी क्रमाने देतो: गुढी, राखी, गणपती, दिवाळी. त्या प्रत्येक ओळीखाली वाजणारे काही आहे ना, तेवढे मात्र बघायला हवे. आजीचे खोकणे, आईची हाक, आजोबांचे ‘झालंच’. ही असली फाइल कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि तिची दुसरी प्रत नसते.

शेवटी मी सातव्या ओळीचे काय केले ते सांगतो. तिसरा मार्ग घेतला. जुना, चुकीचा ठरलेला पत्ता आणि ४३९ हा आकडा जसा होता तसा परत ठेवला. यादी वाजताना प्लेअर त्या ओळीपाशी येतो, काही सापडत नाही, आणि आठव्या गाण्यावर जातो. आणि यादीच्या अगदी शेवटी मी एक नोंद घातली. एम-थ्री-यू फाइलमध्ये फुलीसारख्या चौकटीच्या चिन्हाने ओळ सुरू केली की प्लेअर ती वाचत नाही, पुढे जातो. पण माणसाने फाइल उघडली तर त्याला ती दिसते. तिथे मी लिहिले आहे: क्रमांक सातची फाइल २०२३ च्या श्रावणात माझ्या हातून पुसली गेली. तिच्या शेवटच्या सदुसष्ट सेकंदांत पाऊस, आईचा आवाज, आजीचे खोकणे आणि दादांचा एक शब्द होता. हे आईने सांगितले. नाथांनी ग्रंथ संपल्यावर जिथे लिहिले, तिथेच मी लिहिले. तेवढ्यापुरतीच माझी त्यांच्याशी बरोबरी.

आता गुरुवारी यादी लावली की सहाव्यानंतर प्लेअर क्षणभर थांबतो. आईला ते पाठ झाले आहे. तेवढ्यात ती वातीवरून नजर न काढता म्हणते, “अहो, बंद करा आता.” आमची लेक कधी जवळ असली तर तीच “झालंच” म्हणते. मग आठवे गाणे सुरू होते.

या वर्षी गणपतीच्या आधी तुम्हीही घर आवराल. दोन सारख्या वस्तू दिसल्या, तर एक टाकण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारा. विचारण्याजोगे माणूस घरात आहे, याहून मोठा प्रसाद नाही.

गणपती बाप्पा मोरया!